राज्य कोणावर?

मे महिन्याची सुटी जवळ आली की मानपाड्यातल्या गृहसंकुलांच्या सूचनाफलकांवर एक जाहिरात हमखास झळकते. पारंपरिक खेळांतून संस्कार! दहा दिवसांचे शिबिर, सकाळी आठ ते दहा, वय सहा ते बारा, टोपी आणि पाण्याची बाटली सोबत आणावी, आणि तळाशी शुल्काचा आकडा. आईवडील उत्साहाने नाव नोंदवतात. नातवाला विटीदांडू शिकवायचे कोणी पैसे घेतो, याचे आजोबांना थोडे हसू येते. पण तेवढे दोन तास तरी त्याची मान मोबाइलवरून वर उठेल, या हिशेबाने तेही पाकीट काढतात.

या शिबिरांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. भर उन्हात पन्नास पोरांना सांभाळणे हे येरागबाळ्याचे काम नोहे, आणि ज्या मुलाने लगोरी कधी पाहिलीच नाही त्याला ती कोणीतरी दाखवायलाच हवी. प्रश्न वेगळा आहे. या खेळांनी मुलांचा स्वभाव घडतो, असे आपण सगळेच म्हणतो. तो नेमका कशाने घडतो? लगोरीच्या सात ठिकऱ्यांत काही गुण भरलेला असतो, की ती ज्या रीतीने खेळली जाई त्या रीतीत तो असतो? गुण ठिकऱ्यांत असेल तर शिबिराने काम भागेल. रीतीत असेल, तर मात्र आपल्याला पाकिटापेक्षा मोठे काहीतरी बाहेर काढावे लागेल.

ठाणे जिल्ह्यात मानपाडा म्हटले की रिक्षावाला आधी विचारतो, कुठला? एक मानपाडा ठाण्याचा, घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरा डोंबिवलीचा, कल्याण-शीळ रस्त्यावरचा. दोहोंची कहाणी मात्र एकच. भातशेती होती, बांध होते, चिंचा-आंबे होते. दिवाळीच्या सुमारास भात कापून झाले की मोकळी पडलेली शेते पावसाळ्यापर्यंत पोरांची होत. तिथे कबड्डीचे डाव रंगत, आणि या पट्ट्यातल्या आगरी गावांनी कबड्डीचे वेड अजून सोडलेले नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. पुढे शेताचा प्लॉट झाला, प्लॉटची चाळ किंवा इमारत, आणि इमारतीचा टॉवर. घोडबंदर रस्त्यावर आज मेट्रोचे खांब आहेत. डोंबिवलीच्या मानपाड्याच्या परिसरातली २७ गावे १९८३ साली महापालिकेत गेली, २००२ साली बाहेर पडली आणि २०१५ साली पुन्हा आत आली. या आत-बाहेरच्या खेळात रस्ते, पाणी आणि करांवर पुष्कळ भांडणे झाली. पोरांच्या मैदानासाठी कोणी इतक्या त्वेषाने भांडल्याचे मी तरी पाहिले नाही.

खेळांतून माणूस घडवावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९०५ साली अनंत बाबाजी देवधर यांनी 'मराठी खेळांचे पुस्तक' लिहिले. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधायला घेतले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम करून स्पर्धा भरवल्या. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. साहेबाच्या जिमखान्यात आपल्याला मज्जाव असण्याचे ते दिवस होते. आपल्या मातीतल्या खेळालाही शिस्त आहे, शास्त्र आहे, हे सिद्ध करण्याची त्या पिढीला निकड होती, आणि त्यांनी ते केले. महाराष्ट्राचा हुतूतू, दक्षिणेचा चेडुगुडू आणि बंगालचा हाडुडू कबड्डी या एका नावाखाली आले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही विजेतेपदे मिळवली, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. शंभर-सव्वाशे वर्षांच्या खटपटीला आलेले हे फळ आहे.

पण या वाटेवर सगळे खेळ गेले नाहीत. खो-खोला पंच मिळाला, घड्याळ मिळाले, मैदानाची मापे मिळाली. लगोरी, डबा ऐसपैस, विषामृत, सूरपारंब्या, गोट्या आणि सागरगोटे बहुतेक ठिकाणी पोरांच्याच ताब्यात राहिले. त्यांना ना पंच होता, ना पुस्तक. आणि माझे म्हणणे असे की, स्वभाव घडवण्याचे जे काम आपण या खेळांच्या नावावर मांडतो, ते मुख्यतः या पंच नसण्याने केले.

संध्याकाळचा खेळ सुरू कसा होई ते आठवा. आधी चकायचे. हात पालथे-उताणे करून एकेक जण सुटत जाई आणि शेवटी उरलेल्यावर राज्य येई. मग नियम ठरत. ते रोज ठरत, कारण मैदान रोज वेगळे असे. चेंडू जोशीकाकूंच्या गॅलरीत गेला तर आउट. भिंतीला लागून आला तर झेल धरायचा नाही. गटाराच्या पलीकडे लपायचे नाही. एखादा धाकटा भाऊ थोरल्याच्या सदऱ्याला धरून आलेला असे. त्याला घरी पाठवले तर थोरल्यालाही जावे लागणार. म्हणून तो लिंबूटिंबू. त्याने पळायचे, लपायचे, ओरडायचे. फक्त त्याच्यावर राज्य येणार नाही. दुबळ्याला खेळात ठेवायचे, त्याला ओझे द्यायचे नाही आणि त्यापायी खेळही बिघडू द्यायचा नाही, ही तोड दहा वर्षांच्या पोरांनी काढलेली आहे. मोठ्यांच्या किती संस्थांना ती साधली?

मग भांडण. ते होणारच. शिवले की नाही शिवले, चेंडू लागला की सदऱ्याला चाटून गेला. खेळ थांबे, आवाज चढत, कोणीतरी 'मी नाही खेळत जा' म्हणून निघून जाई. आता गंमत अशी की तो निघून गेला तर गडी कमी पडत, आणि त्याला परत आणले तर त्याचा हट्ट पुरवावा लागे. त्यामुळे पाचेक मिनिटांत तडजोड निघेच. डाव पुन्हा घ्यायचा, किंवा आज तुझे, उद्या माझे. अंधार पडायच्या आत खेळायचे असेल तर न्याय झटपट करावा लागतो, हे त्या न्यायालयाला पक्के ठाऊक होते. जो रोज रडीचा डाव खेळे त्याला कोणी शिक्षा करत नसे. गडी वाटताना तो शेवटी उरे, एवढेच. ती शिक्षा पुष्कळ होती.

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने नेमके हेच गोट्यांच्या खेळात पाहिले. मुलांच्या नैतिक निर्णयबुद्धीवरच्या त्याच्या १९३२ सालच्या पुस्तकाची सुरुवातच गोट्यांनी होते. स्वित्झर्लंडमधल्या पोरांना तो विचारी, हे नियम आले कुठून? ते बदलता येतील का? लहान मुले ठामपणे सांगत की नियम थोरांनी केलेले आहेत, ते बदलता यायचेच नाहीत. आणि खेळताना हीच मुले ते नियम बिनदिक्कत मोडत. दहा-अकराच्या पुढची मुले म्हणत की सगळ्यांनी मिळून ठरवले तर नियम बदलता येतो. आणि हीच मुले तो काटेकोर पाळत. वरून आलेल्या नियमाला मान मिळतो, पण तो पाळला जातो असे नाही. आपण मिळून केलेला नियम मात्र आपल्याला बांधतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लोकशाही या शब्दाखाली जे लिहिलेले असते, ते पोरे गोट्यांच्या रिंगणात शिकत होती.

बँकेतल्या नोकरीत मला या शिक्षणाची किंमत कळली. कर्जाचा प्रस्ताव आला की आम्हाला तीन गोष्टी बघायला शिकवत. अर्जदाराचे चारित्र्य, त्याची क्षमता आणि त्याचे भांडवल. शेवटच्या दोन गोष्टी कागदावर दिसतात. ताळेबंद असतो, पगाराची चिठ्ठी असते, सातबारा असतो. पहिल्या गोष्टीचा दाखला कोणतेही कार्यालय देत नाही. ती शेजारीपाजारी, बाजारात, जुन्या गिऱ्हाइकांत विचारून काढावी लागते. माणूस अडचणीत आला तर तोंड चुकवेल की समोर येऊन हप्ता वाढवून मागेल? सगळा व्यवहार या एका प्रश्नावर उभा असतो. आमच्या आळीत विटी कुठे पडली ते अंतर दांडूने मोजायचे काम मारणाऱ्याचेच असे. मोजताना दांडू किती सरकवायचा, हे त्याच्या मनगटात असे आणि दहा डोळे त्याच्या मनगटावर असत. एखादा पोरगा आपल्याच गुणांतून एक वजा करून सांगे, 'इथे दांडू घसरला रे.' पुढच्या वेळी त्याने मोजले की कोणी वाकून बघत नसे. पत म्हणतात ती हीच. ती रोज थोडी थोडी जमा करावी लागते, आणि एका दिवसात सगळी काढता येते.

हा विटीदांडू आणखी एका कारणाने विचार करण्यासारखा आहे. वकट, लेंड, मुंड, नाल ही त्याची मोजणी. तेलुगूतले एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. दोन्ही शेजारी ठेवून बघा. हे शब्द मराठी पोरांच्या तोंडी कधी आणि कोणत्या वाटेने आले, हा अभ्यासकांचा विषय. मला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. अर्थ कोणालाही माहीत नसलेले हे आकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते कोणत्या मंडळाच्या ठरावाने? बारा वर्षांच्या पोराने आठ वर्षांच्या पोराला ते दिले, तो बारा वर्षांचा झाल्यावर त्याने पुढे दिले. मध्ये एकही मोठा माणूस नव्हता. लहान-मोठी पोरे एकत्र खेळत होती तोवर ही साखळी चालली. आज आपण मुलांना वयोगटाच्या रकान्यांत बसवतो आणि ती कडी तिथेच निखळते.

आता दुसरी बाजू. तीही सांगितली पाहिजे, नाहीतर हा सगळा 'आमच्या वेळी असे नव्हते' या थाटाचा गहिवर होईल. आमच्या वेळी पुष्कळ काही वाईट होते. गल्लीत दांडगेश्वर असत आणि त्यांचे राज्य कधीच येत नसे. तोतऱ्या, जाड्या, चष्म्या अशी नावे पाडून पोरांना रडवले जाई. विटीने डोळा जायबंदी झाल्याच्या गोष्टी खोट्या नव्हत्या. मुलगी बारा वर्षांची झाली की तिचा विटीदांडू बंद. मग तिच्यासाठी भोंडला आणि मंगळागौर, तीही घरच्यांच्या देखरेखीखाली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे गडी वाटताना कोणाला बोलवायचे आणि कोणी कुंपणाबाहेर उभे राहून बघायचे, हे कित्येक गावांत जन्मावरून ठरत असे. शिवाशिवीच्या खेळात ज्याला शिवले त्याच्यावर राज्य येई आणि तो दुसऱ्याला शिवून मोकळा होई. खेळाबाहेरच्या शिवाशिवीत ही सोय नव्हती.

म्हणून पारंपरिक म्हटले की सगळे पवित्र, असे मानायचे कारण नाही. खेळाचे मैदान हा समाजाचा आरसाही असतो. न्याय कसा करावा हे तिथे शिकता येते, तसा अन्यायही पाठ होतो. पण मुलगी मैदानात उतरली तर काय होते, हे खो-खोच्या विश्वचषकाने दाखवलेच आहे. आजच्या गृहसंकुलात आगरी, कोकणी, देशस्थ, खानदेशी, गुजराती, मल्याळी, उत्तर भारतीय घरे एका जिन्यात नांदतात. तिथली पोरे आपसांत गडी वाटतात तेव्हा आडनाव विचारत नाहीत, पळतोस किती जोरात एवढेच विचारतात. जुन्या खेळांना इतके चांगले मैदान पूर्वी कधी मिळाले नव्हते. फक्त मैदानच नाही, ही अडचण.

आणि हे मैदान आपण काढून घेतले आहे. दोन प्रकारे काढून घेतले आहे. पहिला प्रकार जागेचा. गृहसंकुलाच्या आवारात पाय ठेवला की पाटी दिसते. येथे चेंडू खेळू नये. गाड्यांना ओरखडे पडतात, तळमजल्याच्या काचा फुटतात, दुपारी ज्येष्ठांची झोपमोड होते. कारणे खोटी नाहीत. पण सगळ्या कारणांची बेरीज अशी होते की संकुलात गाडीला हक्काची जागा आहे आणि मुलाला नाही. २०२० साली राज्याने लागू केलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवायला सांगितली आहे. ती कागदावर असते. प्रत्यक्षात तिथे लॉन असते आणि 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क संहितेचे एकतिसावे कलम मुलांना खेळण्याचा हक्क देते, आणि भारताने ती संहिता १९९२ साली मान्य केली. त्या कलमाची वार्ता हिरवळीवरच्या पाटीपर्यंत अजून पोहोचलेली नाही.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. आपण खेळ मुलांच्या हातातून काढून आपल्या हातात घेतला. शिबिरात शिट्टी आहे, प्रशिक्षक आहे, वेळापत्रक आहे. भांडण झाले तर ताई सोडवते. रडणाऱ्याला दादा गप्प करतो. शेवटी सगळ्यांना पदक मिळते आणि आईबाप चित्रफीत काढतात. २०२२ साली केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ७५ भारतीय खेळ शाळांमध्ये आणण्याचा उपक्रम हाती घेतला. स्तुत्य गोष्ट आहे. पण उद्या लगोरीचा तास सुरू झाला, तासाला गुण आले, आणि गुणांसाठी शिकवणी लागली, तर ठिकऱ्या सातच राहतील आणि त्यातला खेळ निघून जाईल. इंग्लंडच्या ओपी दांपत्याने हजारो मुलांचे रस्त्यावरचे खेळ गोळा करून १९६९ साली ग्रंथ लिहिला. त्यांना आढळले की मुले आपले खेळ आपण खेळतात तेव्हा त्यांना पंच लागत नाही, बक्षीस लागत नाही, आणि कोण जिंकले याचीही फारशी फिकीर नसते. ती निकड मोठ्यांची.

मग मोठ्यांनी करायचे काय? याचे एक उत्तर आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघरमध्ये सापडते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. पाड्यावरची मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळा पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शंख, खडे, पाने हीच साधने केली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी फायलींत रुळला आहे, पण त्यात अंगण आधी आहे हे आपण विसरतो. मोठ्या माणसाने अंगण झाडून द्यावे, डोळा ठेवावा आणि बाजूला व्हावे, इतके शिक्षणशास्त्र त्या शब्दात आहे.

मानपाड्यात हे अशक्य नाही. संकुलाच्या आतला एखादा रस्ता संध्याकाळी सहा ते साडेसात गाड्यांना बंद ठेवावा. जिन्याच्या तोंडाशी साखळी लावायची एवढेच काम आहे. ते वार्षिक सभेत मांडावे लागेल, त्यावर दोन तास वाद होईल, तो होऊ द्यावा. हिरवळीवरची पाटी काढावी. गवत दबेल आणि पावसाळ्यात पुन्हा उगवेल. वयाचे गट पाडू नयेत. सहा वर्षांचा आणि तेरा वर्षांचा एका डावात आले की लिंबूटिंबू आपोआप जन्माला येतो. विटीची भीती वाटत असेल तर विटी नको, लगोरी आणि डबा ऐसपैसला तेवढीच मजा आहे. आजी-आजोबांनी बाकावर बसावे, पण ऐकू येईल इतक्या अंतरावर, मध्ये बोलता येईल इतक्या अंतरावर नव्हे. दांडगाई, मारहाण किंवा कोणाला जातीवरून, रंगावरून हिणवणे कानावर आले तर मात्र उठावे. बाकीची भांडणे पोरांना भांडू द्यावीत. पहिले आठ दिवस मुलांना काही सुचणार नाही. ती 'बोअर होतेय' म्हणत घरी येतील. त्या वेळी हातात मोबाइल न देण्याचा संयम आपल्याला दाखवावा लागेल, आणि स्वभाव घडवायचा तर त्याची सुरुवात तिथून, आपल्यापासून होईल.

मराठी मुलांच्या खेळात एक शब्द मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे. राज्य. मोठ्यांच्या जगात राज्य मिळते, आणि ज्याला मिळते त्याच्यासाठी इतर धावतात. पोरांच्या जगात राज्य येते, आणि ज्याच्यावर येते त्याने इतरांसाठी धावायचे असते. डोळे मिटून आकडे मोजायचे, लपलेल्या प्रत्येकाला शोधायचे, धप्पा बसला की न कुरकुरता पुन्हा भिंतीकडे तोंड करायचे. राज्य म्हणजे मान नसून जबाबदारी आहे, आणि ती आज ना उद्या प्रत्येकावर येते, हे ज्याने लहानपणी सोसले त्याला पुढे ते वेगळे शिकवावे लागत नाही.

मुले लपलेली नाहीत. ती घरोघरी, पंख्याखाली, पडद्यासमोर बसलेली आहेत आणि सगळ्यांना दिसत आहेत. त्यांना बाहेर आणायचे तर अंगण मोकळे करावे लागेल, वेळ मोकळा करावा लागेल, आणि आपल्याला जरा बाजूला व्हावे लागेल. या डावात राज्य आपल्यावर आहे.